जबडा चौकोनी दिसतो म्हणता, पण आधी तोंड किती उघडतं ते मोजा

पत्र : मी २६ वर्षांचा आहो. दारव्हा तालुक्यात गाव, घरी सात एकर वावर. सोयरीक जमली, लग्न वैशाखात आहे. साक्षगंधाचे फोटो पाह्यले तवापासून जिवाला घोर लागला. कानाखाली दोन्ही बाजूनं जबडा फुगून चेहरा चौकोनी दिसते, अन् हनुवटी मातर मागं दबल्यासारखी, तिच्याखाली मांस लटकते. तालुक्याच्या एका पार्लरमधी ‘व्ही शेप’ची सुई सहा हजारात देतो म्हणतात, हजार रुपये भरून ठेवले. सोयाबीन विकून चाळीस हजार बाजूला काढले आहेत. अकरावीपासून खर्रा खातो, रोज पाच-सहा पुड्या. त्याचा याच्याशी काही संबंध नसन, पण लिहून ठेवतो. कोणता इलाज करू? अन् होणाऱ्या बायकोला सांगू का?

उत्तर : भाऊ, ‘संबंध नसन’ म्हणून जे तुम्ही शेवटी लिहिलं, तिथूनच सुरुवात करतो. खर्र्याचा, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या त्या मिश्रणाचा, तुमच्या जबड्याशी थेट संबंध असण्याची दाट शक्यता आहे, आणि तो दोन वाटांनी येतो.

गालाच्या हाडापासून निघून जबड्याच्या कोपऱ्यावर येऊन बसणारा एक जाड स्नायू असतो, मॅसेटर. दाढा आवळणं हे त्याचं काम. वखर धरून धरून दंड भरतात, तसा हा स्नायू चावून चावून भरतो. एक पुडी अर्धा तास जरी तोंडात घोळवली, तरी पाच-सहा पुड्यांत रोजचं दोन-तीन तासांचं जादा चावणं झालं. जेवण वेगळंच. अकरावीपासून धरलं तर नऊ-दहा वर्षांची ही कसरत आहे. चेहरा कानाखाली रुंद होण्याचं हे एक नेहमीचं कारण. रात्री झोपेत दात खाण्याची सवय असेल तर तीही यात भर घालते. घरच्यांना विचारा, तसा आवाज येतो का.

दुसरी वाट जास्त काळजीची आहे. खर्र्यातल्या सुपारीतला अरेकोलिन हा घटक गालाच्या आतल्या अस्तराखाली चिवट तंतू साठवत जातो. अस्तर पांढरट पडतं, ताठ होतं, तिखट झोंबायला लागतं आणि तोंड हळूहळू कमी उघडायला लागतं. याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. त्यातून पुढे काही जणांना तोंडाचा कर्करोग होतो. आजार हळू वाढतो, म्हणून माणसाला तो आपल्यात आहे हे कळतच नाही. तोंड पूर्वीइतकंच उघडतं असं वाटत राहतं.

म्हणून आजच हे करा. आरशासमोर तोंड जमेल तेवढं उघडा आणि स्वतःच्या हाताची तीन बोटं, तर्जनी, मधलं आणि अनामिका, एकावर एक उभी धरून वरच्या-खालच्या समोरच्या दातांमध्ये घाला. तिन्ही सहज गेली तर बरं. दोनच जात असतील किंवा तिसऱ्याला रेटावं लागत असेल, तर तोंड आखडलं आहे. नेमकं मोजायचं तर कंपासपेटीतली पट्टी घ्या आणि वरच्या दाताच्या कडेपासून खालच्या दाताच्या कडेपर्यंतचं अंतर पाहा. मोठ्या माणसात ते साधारण ३५ ते ५० मिलिमीटर असतं. ३५ च्या खाली गेलं असेल तर जबडा देखणा करायच्या गोष्टी बाजूला ठेवा. मग गाल आतून बोटानं चाचपा. दोरीसारखे ताठ उभे पट्टे लागतात का, पांढरा किंवा लाल चट्टा आहे का, दोन-तीन आठवड्यांपासून न भरलेलं तोंड आलं आहे का? यातलं काहीही आढळलं तर दातांच्या डॉक्टरांना दाखवणं लांबवू नका. न भरणाऱ्या जखमेचा तुकडा काढून तपासावा लागतो.

आता रुंदी कशाची आहे हे ओळखायचं. इथेच बहुतेकांचे पैसे चुकीच्या जागी जातात. कानाखालची रुंदी स्नायूची असते, हाडाची असते, किंवा लाळेच्या गाठीची, म्हणजे लाळ तयार करणाऱ्या ग्रंथीची. तिघांचे इलाज वेगळे आहेत आणि एकाचा इलाज दुसऱ्याला लागू पडत नाही. जबड्याच्या कोपऱ्यावर दोन्हीकडे बोटं ठेवून दाढा घट्ट आवळा, मग सैल सोडा. आवळताना बोटाखाली टणक उंचवटा वर आला आणि सोडल्यावर मऊ झाला, तर तो स्नायू. आवळा की सोडा, काहीच फरक पडत नाही आणि कडा कायम टणक, बाहेर वळलेली लागते, तर ते हाड. फुगवटा कानाच्या पाळीच्या अगदी खाली आणि मागे असेल, पाळी वर उचलल्यासारखी दिसत असेल, जेवताना ठणकत असेल किंवा एकाच बाजूला वाढत असेल, तर ती लाळेची गाठ असू शकते. बरीच वर्षं दारू पिणाऱ्यांच्या या गाठी दोन्ही बाजूंनी सुजतात. अशा गाठीवर कुणाचीही सुई घेऊ नका, आधी कान-नाक-घसा विभागात दाखवा. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात ती सोय आहे.

हनुवटीखालच्या मांसाचंही तसंच. ते चिमटीत धरा आणि दात दाबून ओठांचे कोपरे खाली ओढा, म्हणजे मानेचा पातळ स्नायू ताणला जाईल. तरीही चिमटीत जाडी उरली तर चरबी कातडीलगत आहे आणि ती काढता येते. चिमटी रिकामी झाली तर चरबी स्नायूच्या आत आहे, तिथे सुई पोचत नाही. तिसरी शक्यता तुमच्या बाबतीत मला जास्त वाटते. हनुवटीचं हाडच मागे असेल, तर खालच्या कातडीला ताण मिळत नाही आणि सडपातळ माणसालाही दुहेरी हनुवटी दिसते. कुणाला तरी बाजूनं फोटो काढायला सांगा. फोन डोळ्यांच्या उंचीवर आणि दीड-दोन मीटर दूर हवा, कारण हातभर अंतरावरच्या सेल्फीत चेहऱ्याचा मधला भाग फुगून येतो आणि हनुवटी आहे त्याहून मागे गेलेली दिसते. फोटोत खालच्या ओठावरून एक सरळ उभी रेष ओढा. पुरुषाची हनुवटी त्या रेषेच्या आसपास यायला हवी. ती बरीच मागे असेल आणि दाढा मिटल्यावर खालचे दातही वरच्यांच्या फार मागे राहत असतील, तर प्रश्न पूर्ण जबड्याच्या ठेवणीचा आहे.

स्नायू ठरला तर त्यावरचा रूढ इलाज बोटुलिनम टॉक्सिनच्या सुईचा. लोक सरसकट ‘बोटॉक्स’ म्हणतात, पण ते एका कंपनीच्या औषधाचं नाव आहे. हे औषध नसेकडून स्नायूला येणारा हुकूम काही महिने अडवतं. स्नायू कमी वापरात राहतो आणि बारीक होतो. बोटॉक्सच्या मापानं एका बाजूला साधारण २० ते ३० युनिट लागतात, तीन ते पाच ठिकाणी वाटून. दुसऱ्या कंपनीच्या औषधाचं युनिट वेगळं असतं. डिसपोर्ट या औषधाचे आकडे बोटॉक्सच्या अडीच-तीन पट दिसतात, म्हणजे औषध जास्त दिलं असं नव्हे. त्यामुळे दोन ठिकाणचे भाव विचारताना औषधाचं नाव आणि युनिट, दोन्ही कागदावर लिहून घ्या.

सुई कुठे टोचतात याला फार महत्त्व आहे. कानाच्या पाळीपासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत मनात एक रेष धरतात आणि तिच्या खालीच, स्नायूच्या कडांपासून साधारण एक सेंटिमीटर आत राहून टोचतात. रेषेच्या वर गेलं तर गालाच्या हाडाखाली खळगा पडतो. पुढच्या कडेला गेलं तर हसण्याचा स्नायू लुळा पडतो आणि काही आठवडे हसू वाकडं येतं. आणखी एक चूक होते. या स्नायूला वरचा आणि आतला असे थर असतात, मधे कंडरेचा पडदा. औषध फक्त आतल्या थरात गेलं, तर चावताना वरचा थर एकटाच गाठीसारखा फुगतो. असं दिसलं तर घाबरू नका. त्याच डॉक्टरांकडे परत जा, वरच्या थरात थोडी मात्रा दिली की ते बसतं.

परिणाम लगेच दिसत नाही. चावण्याचा जोर पहिल्या एक-दोन आठवड्यांत कमी होतो, पण चेहरा बारीक दिसायला महिना-दीड महिना लागतो आणि पूर्ण फरक दोन-तीन महिन्यांनी कळतो. साधारण चार ते सहा महिन्यांनी तो ओसरायला लागतो. त्या काळात खर्रा चालूच ठेवला तर स्नायूला पुन्हा तीच कसरत मिळते, आणि तुम्ही पैसे भरून कमावलेलं पुड्या खाऊन घालवता. पहिले काही आठवडे ज्वारीची भाकर, फुटाणे, ऊस चावताना जबडा थकेल, ते अपेक्षित आहे. सुई घेतल्यावर चार तास आडवं होऊ नका, जागा चोळू नका, आणि त्या दिवशी उन्हासाठी तोंडाला दुपट्टा घट्ट बांधू नका. मायस्थेनियासारखा स्नायूंचा आजार असेल किंवा जेंटामायसिन, अमिकासिनसारखी अँटिबायोटिक इंजेक्शनं चालू असतील, तर हे औषध घ्यायचं नाही. बाईमाणसाला गरोदरपणात आणि अंगावर पाजताना देत नाहीत.

औषध पावडरच्या रूपात बाटलीत येतं आणि २ ते ८ अंशांवर थंड ठेवावं लागतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात, दिवसाला चार तास वीज जाणाऱ्या ठिकाणी, ते कुठल्या फ्रीजमध्ये होतं हा प्रश्न विचारायलाच हवा. बाटली तुमच्यासमोर फोडली पाहिजे, सलाईनमध्ये कालवलेली दिसली पाहिजे. तिच्यावरचा बॅच नंबर आणि मुदत फोनमध्ये टिपून घ्या.

आता त्या पार्लरचं. सहा हजारांत नेमकं कोणतं औषध, किती युनिट, हे तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही. ‘व्ही शेप’ हे औषधाचं नाव नाही. अशा नावाखाली चरबी विरघळवणारं कसलंतरी मिश्रण, स्टेरॉइड किंवा पातळ सिलिकॉन टोचलं गेल्याची उदाहरणं आहेत. स्टेरॉइडनं खड्डे पडतात, सिलिकॉनच्या गाठी वर्षांनीही सुजतात आणि काढताना चेहरा फाडावा लागतो. शिवाय तुमचा फुगवटा स्नायूचा असेल तर चरबीच्या औषधाचा तिथे काही उपयोगच नाही. ही सुई घ्यायचीच तर त्वचारोगतज्ज्ञ, प्लास्टिक सर्जन किंवा तोंड-जबड्याचे सर्जन, म्हणजे त्या विषयात एमडीएस ही दातांच्या डॉक्टरांची वरची पदवी घेतलेले, यांच्याकडेच घ्या. डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे आणि दंतवैद्यांची राज्य दंत परिषदेकडे तपासता येते. हजार रुपये गेले तर जाऊ द्या.

हनुवटी किंचित मागे असेल तर फिलरनं, म्हणजे सुईनं आत भरायच्या जेलनं, ती पुढे आणता येते. हायलुरॉनिक ॲसिडचा जेल एक मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये मिळतो. हनुवटीला एक-दोन सिरिंज पुरतात, जबड्याची कड उठावदार करायची तर आणखी दोन ते चार. साधारण वर्षभर टिकतो. तुम्हाला जबड्याच्या कोपऱ्यावर फिलर नको, तिथे आधीच भर आहे. हनुवटी थोडी पुढे आली की बाजू आपोआप अरुंद वाटतात, आणि खालचं लटकणंही काही प्रमाणात ताणलं जातं.

फिलरचा धोका रक्तवाहिनीचा आहे. चेहऱ्याची मुख्य धमनी मॅसेटरच्या पुढच्या कडेजवळ जबड्याचं हाड ओलांडून वर चढते. दाढा आवळून बोट ठेवलं तर तिथे ठोका लागतो. जेल तिच्यात शिरला तर पुढच्या कातडीचं रक्त तुटतं. कातडी एकदम पांढरी पडते, मग निळसर जाळी उमटते, ठणका लागतो. फार क्वचित दृष्टीही जाते. यावर हायलुरोनिडेज हे जेल विरघळवणारं औषध लगेच, आणि भरपूर मात्रेत, द्यावं लागतं. ते दवाखान्यात हजर आहे का, हे सुई घ्यायच्या आधी विचारा आणि डोळ्यांनी पाहा. ही खूण काही तासांनीही दिसू शकते, म्हणून फिलर घेऊन संध्याकाळच्या एसटीनं गावी परतू नका. एक रात्र शहरातच नातेवाइकांकडे काढा. गावात रात्री अकरा वाजता हनुवटी निळी पडली तर ते औषध जवळपास मिळेल याचा भरवसा नाही. दातांची सफाई किंवा दाढ काढणं असेल तर ते फिलरच्या दोन आठवडे आधी उरकून घ्या.

हाड बरंच मागे असेल तर कायमचा इलाज शस्त्रक्रियेचा. जिनिओप्लास्टीत खालच्या ओठाच्या आतून चीर देऊन हनुवटीचं हाड आडवं कापतात, काही मिलिमीटर पुढे सरकवतात आणि टायटॅनियमच्या पट्टी-स्क्रूनं बसवतात. बाहेर व्रण राहत नाही. खालचा ओठ काही आठवडे ते महिने बधिर राहतो, काहींचा थोडा बधिरपणा कायम राहतो. पूर्ण जबडा मागे असेल तर आधी दातांना तारा लावून वर्ष-दीड वर्ष तयारी करावी लागते. हे वैशाखापर्यंत होणारं काम नाही, त्याची घाईही करू नका. पण नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात किंवा वर्ध्याजवळच्या सावंगी मेघेच्या दंत महाविद्यालयात एकदा एक्स-रे काढून मत घ्या. तोंड किती उघडतं याचा इथेही संबंध येतो. भूल देताना घशात नळी घालावी लागते आणि आखडलेल्या तोंडात ती घालणं अवघड नि धोक्याचं असतं. तंबाखूनं हाड आणि जखम भरायला उशीर लागतो, टाके उसवतात.

हनुवटीखाली कातडीलगत चरबीच असेल तर दोन मार्ग आहेत. डिऑक्सीकोलिक ॲसिडच्या सुया एकेक सेंटिमीटरवर देतात, महिन्या-महिन्याच्या अंतरानं दोन ते सहा वेळा. दर वेळी आठवडाभर बेडकासारखी सूज येते. जबड्याच्या कडेची बारीक नस दुखावली तर खालचा ओठ काही काळ वाकडा होतो. लायपोसक्शन एकाच बैठकीत होतं, तीन-चार मिलिमीटरच्या छिद्रातून. नंतर एक-दोन आठवडे पट्टा बांधावा लागतो. कातडी ओढणारे धागे आणि मशीनचे शेक तुमच्या वयाला नकोत, ते सैल कातडीसाठी आहेत आणि त्यांचा परिणामही थोडाच. जबड्याचा व्यायाम म्हणून विकला जाणारा रबरी गोळा तर हातातच घेऊ नका. तो चावून मॅसेटर आणखी वाढेल.

तुमचं वेळापत्रक मी असं लावतो. आत्ता कार्तिक आहे. या पंधरवड्यात तोंडाची तपासणी करून घ्या आणि खर्रा बंद करा. सुपारी सोडून नुसता तंबाखू, किंवा तंबाखू सोडून नुसती सुपारी, यातलं काहीच चालणार नाही. फायब्रोसिस नुसत्या सुपारीनंही होतो. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत क्रमांक आहे. निकोटिनचं च्युइंगगम मात्र घेऊ नका, तेही चावणंच झालं. अंगाला चिकटवायच्या निकोटिनच्या पट्टीबद्दल किंवा न चावता चोखायच्या गोळीबद्दल डॉक्टरांना विचारा. जानेवारीअखेर त्याच अंतरावरून पुन्हा फोटो काढा. दोन-तीन महिने चावणं थांबलं की काहींचा स्नायू आपोआप उतरतो आणि सुईची गरजच उरत नाही. उरलीच, तर फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत टॉक्सिन घ्या, म्हणजे वैशाखात पूर्ण फरक दिसेल. हनुवटीचं फिलर मार्चअखेरपर्यंत. लग्नाआधीच्या तीन आठवड्यांत नवीन काहीही नको, सूज आणि निळे डाग तेव्हा लपत नाहीत. दरम्यान दाढी राखा. हनुवटीवर लांब, जबड्याच्या कोपऱ्यांवर बारीक, आणि खालची रेष कंठमण्याच्या दोन बोटं वर. चांगल्या न्हाव्याला एवढं सांगितलं तरी निम्मं काम भागेल.

चाळीस हजारांतले पहिले पैसे तपासणीसाठी ठेवा. टॉक्सिनचा हिशेब करताना एका वेळचा भाव धरू नका, वर्षाला दोनदा घ्यावं लागेल असं धरून बेरीज करा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून निव्वळ दिसण्यासाठीच्या उपचाराला पैसे मिळत नाहीत, त्यामुळे कर्ज काढून तर अजिबात नको.

होणाऱ्या बायकोला सुईबद्दल सांगायचं की नाही हे तुमच्यावर, पण सहा महिन्यांनी चेहरा पुन्हा भरायला लागला की तिला ते दिसणारच, तेव्हा आधी सांगितलेलं बरं पडेल. खर्र्याबद्दल आणि तोंडाच्या तपासणीबद्दल मात्र तिला सांगाच. सोडताना पहिले दोन-तीन आठवडे चिडचिड होते, झोप उडते. जवळच्या माणसाला कारण माहीत असलं की ते निभावतं.

आणि आज तीन बोटं गेली की दोन, पट्टीवर किती मिलिमीटर भरले, ते आम्हाला लिहून कळवा. पुढचा सल्ला त्या आकड्यावर ठरेल.